टिरेल पी 34 : सहा चाकांच्या शर्यतगाडीचे 1:12 मॉडेल

फॉर्म्युला वनच्या इतिहासात सहा चाकांवर धावून शर्यत जिंकलेली गाडी एकच, ती म्हणजे टिरेल पी 34. या गाडीची प्लास्टिकची मॉडेल किट्स 1970 च्या दशकापासून वेगवेगळ्या मापांत निघत आली आहेत. त्यांपैकी 1:12 मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक बारांश आकाराचे, मूळ जुन्याच साच्यांतून काढून त्यात धातूच्या कोरीव पत्र्याचे भाग घातलेले किट मी नुकतेच पूर्ण केले. त्याचे हे परीक्षण. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीचा पुढचा भाग जोडताना मूळ कल्पनेची ताकद आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी ज्या स्पष्टपणे समोर येतात, तशा त्या कोणत्याही छायाचित्रातून येत नाहीत, आणि एवढ्या एका कारणासाठी हे किट घेण्यासारखे आहे. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) आणि रंगकाम यांच्या बाबतीत मात्र त्याचे जुनेपण जाणवते, आणि ती उणीव भरून काढण्याची तयारी बांधणाऱ्यानेच ठेवायला हवी.

किटचे मूल्यमापन करण्यापूर्वी गाडीची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे, कारण या मॉडेलमधला प्रत्येक अवघड सांधा त्या रचनेतूनच आलेला आहे. केन टिरेल यांच्या संघाचे अभियंता डेरेक गार्डनर यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. त्या काळी बहुतेक संघ कॉसवर्थ डीएफव्ही हेच तीन लिटरचे व्ही-8 इंजिन वापरत, त्यामुळे इंजिनाच्या बळावर इतरांच्या पुढे जाणे शक्य नव्हते. जे मिळवायचे ते हवेतून आणि टायरमधूनच. पुढच्या पंखाची रुंदी नियमाने 1500 मिलीमीटरपर्यंत मर्यादित होती, आणि नेहमीच्या आकाराची पुढची चाके त्या पंखाच्या वर आणि बाहेर डोकावून हवा अडवत व गाडीचे नाक उचलण्याचा प्रयत्न करत. गार्डनर यांनी पुढे दहा इंची रिमची छोटी चाके घेतली, म्हणजे ती नाकाच्या आडोशाला राहतील. छोट्या टायरची रस्त्यावरची पकड कमी पडते, म्हणून प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके बसवली. पकड भरून निघाली आणि पुढच्या ब्रेकसाठी दोनऐवजी चार डिस्क मिळाल्या. सप्टेंबर 1975 मध्ये ही गाडी पत्रकारांसमोर आली, 1976 च्या स्पॅनिश ग्रां प्रीत पॅट्रिक डेपाये यांनी ती प्रथम शर्यतीत उतरवली, आणि त्याच वर्षी 13 जूनला स्वीडनमधील आंडरस्टॉर्प येथे संघाचे दुसरे चालक जोडी शेक्टर पहिले व डेपाये दुसरे आले.

आता हे मापात उतरवून पाहू. दहा इंच म्हणजे 254 मिलीमीटर. 1:12 मध्ये पुढच्या रिमचा व्यास जेमतेम 21 मिलीमीटर होतो. पंखाची 1500 मिलीमीटर रुंदी 125 मिलीमीटरवर येते. एवढ्या जागेत चार रिम, चार डिस्क, त्यांचे कॅलिपर (डिस्क दाबून धरणारे चिमटे), चार जोड्या विशबोन (चाक गाडीला जोडणारे दुबोटी दांडे), स्प्रिंगा आणि चारही चाके एकत्र वळवणारी स्टिअरिंगची दांड्यांची साखळी बसवायची असते. किट आखणाऱ्यांनी इथे जराही हात आखडता घेतलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. स्प्रिंगा धातूच्या आहेत आणि खरोखर दबतात. स्टिअरिंगचे चक्र फिरवले की पहिली जोडी वळते आणि तिला दांड्यांनी जोडलेली दुसरी जोडी तिच्या मागोमाग वळते. ही हालचाल पहिल्यांदा नीट जमून आली, तेव्हा मी बराच वेळ फक्त चक्रच इकडून तिकडे फिरवत बसलो होतो. या दांड्यांच्या टोकांना गोंदाचा थेंब जरी लागला तरी साखळी कायमची जाम होते, म्हणून इथे पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडणारा गोंद) ब्रशने न लावता टाचणीच्या टोकाने लावावे, आणि प्रत्येक सांधा वाळेपर्यंत अधूनमधून हलवत राहावा.

या भागात सूचनापुस्तिकेचा क्रम मला पटला नाही. पुस्तिका डावी आणि उजवी बाजू स्वतंत्रपणे पूर्ण करायला लावते आणि मग दोन्ही मोनोकॉकला, म्हणजे चालक बसतो त्या मुख्य सांगाड्याला, जोडायला सांगते. त्यापेक्षा सगळे विशबोन आधी दोन्ही बाजूंना नुसते अडकवून घ्यावेत, चारही हब (चाकांचे मधले भाग) एका काचेच्या तुकड्यावर टेकवून समपातळीत आणावेत, आणि मगच सांधे पक्के करावेत. याचे कारण भूमितीचे आहे. तीन टेकू कोणत्याही पृष्ठभागावर बसतातच. चार असले की एक अधांतरी राहण्याची शक्यता असते. सहा असले की ती शक्यता कितीतरी वाढते. चार चाकांच्या मॉडेलमध्ये खपून जाणारा अर्ध्या मिलीमीटरचा तिरकेपणा इथे लगेच डोळ्यांत भरतो, कारण एकामागे एक असलेल्या दोन चाकांपैकी एक जमिनीला टेकते आणि शेजारचे वर राहते. स्प्रिंगा यातला काही भाग सावरून घेतात, पण सगळा नाही.

हीच सावधगिरी इंजिनाच्या सांध्यालाही लागू पडते. खऱ्या गाडीत डीएफव्ही इंजिन हा चौकटीचाच भाग होता: मोनोकॉक चालकाच्या पाठीशी संपत असे, इंजिन थेट त्याच्या मागच्या भिंतीला बोल्टने जोडलेले असे, आणि मागचे सस्पेन्शन इंजिन व ह्यूलंड गिअरबॉक्सवरच टांगलेले असे. किटमध्येही हेच केलेले आहे. इंजिन मोनोकॉकला स्क्रूने बसते आणि मागची चाके त्या एका सांध्याच्या भरवशावर उभी राहतात. त्यामुळे मोनोकॉकच्या मागच्या भिंतीवर रंगाचा जाड थर राहिला किंवा स्प्रूचा (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या दांडीला जोडलेले येतात तिचा) कोंब नीट घासला गेला नाही, तर सगळी गाडी पिळली जाते. ती जागा मास्किंग टेपने झाकून कोरी ठेवावी.

इंजिन स्वतः फार सुरेख उतरले आहे. हवा आत घेणारे आठ तुतारीसारखे तोंडाचे पाइप, त्यांच्यामधली इंधनाची नळी, बाजूंनी खाली वळून मागे जाणारे एक्झॉस्ट, हे सगळे त्या मापाला शोभेल इतके नेमके आहे. आठ प्लगच्या तारांसाठी किटमध्ये बारीक नळी दिलेली आहे. ती ठीक आहे, पण थोडी जाड वाटते. ज्यांना जमेल त्यांनी तिच्याऐवजी बारीक वेष्टित तार वापरावी. एक्झॉस्टवर नुसता चंदेरी रंग मारून थांबू नये. इंजिनाजवळ गडद तपकिरी, वळणावर थोडी निळसर झाक आणि टोकाकडे राखाडी असे पातळ थर एअरब्रशने दिले, तर प्लास्टिक धातूसारखे दिसू लागते. इंजिनाचे कवच काढता येते, त्यामुळे ही मेहनत झाकली जात नाही.

चालकाच्या बैठकीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पारदर्शक खिडक्या ही या गाडीची सर्वांत लोभस गोष्ट आहे. पुढची चाके इतकी छोटी होती की बैठकीत बसल्यावर चालकाला ती दिसत नसत. वळणावर चाक कुठे आहे ते कळावे आणि टायरवर नजर ठेवता यावी म्हणून कवचातच खिडक्या कापल्या गेल्या. किटमध्ये त्या स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या आहेत आणि त्यांतून छोटे टायर खरोखर दिसतात. त्या बसवताना प्लास्टिकचे सिमेंट किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरू नये, कारण त्यांच्या वाफेने पारदर्शक भाग कायमचा धुरकट होतो. पांढरा पाण्यात विरघळणारा गोंद पुरेसा आहे. वाळल्यावर तो दिसतही नाही.

रंगाविषयी मात्र माझी तक्रार आहे. कवचाचे भाग निळ्याच प्लास्टिकमध्ये ओतलेले आहेत, आणि हे किट रंगाशिवायही चालेल अशी समजूत त्यामुळे होऊ शकते. ती खरी नाही. साच्यांच्या खुणा आणि काही ठिकाणचे खोलगट डाग रंगाशिवाय झाकले जात नाहीत, आणि नाक व इंजिनाचे कवच यांच्या निळ्यात मला थोडा फरकही दिसला. राखाडी प्रायमर, त्यावर सगळ्या सुट्या भागांना एकाच बैठकीत निळ्याचे पातळ थर, आणि डेकल लावून झाल्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर), हाच क्रम ठेवावा. डेकलमधील पिवळा आणि पांढरा रंग पातळ आहे. गडद निळ्यावर ठेवताच खालचा निळा वर डोकावतो आणि पिवळ्याला हिरवट छटा येते. क्रमांकाच्या आणि पट्ट्यांच्या जागी आधी पांढरा रंग मारून घेतला की हा दोष बराचसा जातो, पण मग कडा तंतोतंत जुळवाव्या लागतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी वेगळे छापलेले डेकल घ्यावेत. किटमधले डेकल आहेत त्या स्थितीत मी कुणाला सुचवणार नाही.

कोणत्या शर्यतीची गाडी करायची, हे रंग हातात घेण्यापूर्वीच ठरवावे. 1976 मध्ये 3 क्रमांकाची गाडी शेक्टर यांची आणि 4 क्रमांकाची डेपाये यांची. पण एकाच हंगामात हवा आत घेणारी तोंडे, पंख आणि जाहिराती शर्यतीगणिक बदलत गेल्या. ऑक्टोबरमध्ये फुजी येथे तर गाडीवर संघाचे नाव जपानी अक्षरांत रंगवलेले होते. किटमधले भाग यांपैकी एका ठरावीक स्थितीचे आहेत, आणि दुसरी शर्यत निवडली तर थोडे भाग स्वतः घडवावे लागतात. आंडरस्टॉर्पची गाडी करायची असेल, तर त्या दिवसाची छायाचित्रे शेजारी ठेवूनच काम करावे.

या मॉडेलमधली सर्वांत बोलकी जागा मात्र मागे आहे. गाडी पूर्ण झाल्यावर ती डोळ्यांच्या पातळीवर धरून समोरून पाहावी. पुढची चारही चाके नाकाच्या सावलीत दडलेली दिसतात आणि त्यांच्या मागे मागचे दोन अजस्र टायर दोन्ही बाजूंना उघडे उभे असतात. गाडीने अडवलेली हवा मुख्यतः या मागच्या टायरांनी ठरत होती, त्यामुळे पुढची चाके लपवून सरळ रस्त्यावरच्या वेगात अपेक्षेइतकी भर पडली नाही, हे वाक्य मी अनेकदा वाचलेले होते. मॉडेल समोर धरल्यावर ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसरी अडचण मॉडेलमध्ये दिसत नाही, पण ती छोटे टायर बसवताना आठवते: हा आकार जगात फक्त एकाच संघाला लागत होता, म्हणून टायर बनवणाऱ्या गुडइयर कंपनीने बाकीच्या टायरांमध्ये केलेली सुधारणा या टायरांच्या वाट्याला त्या गतीने आली नाही. 1977 मध्ये शेक्टर गेले, रॉनी पीटरसन आले, गाडी जड झाली, आणि पकड वाढावी म्हणून पुढच्या डाव्या व उजव्या चाकांमधले अंतर वाढवताच ती चाके नाकाच्या आडोशातून बाहेर आली, म्हणजे ज्या फायद्यासाठी सगळा खटाटोप होता तोच उरला नाही. 1978 साठी संघ चार चाकांच्या 008 या गाडीकडे वळला. पुढे नियमांनीच चारपेक्षा अधिक चाकांना बंदी घातली. तरीही 1976 मध्ये शेक्टर अजिंक्यपदाच्या क्रमवारीत तिसरे आणि डेपाये चौथे होते, हे विसरून या गाडीला केवळ विचित्र प्रयोग म्हणणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांनी यापूर्वी फक्त साधी विमाने किंवा गाड्या बांधल्या आहेत, त्यांनी आधी याच गाडीचे 1:20 मापाचे किट हाताळावे. त्यात पुढच्या रिमचा व्यास साडेबारा मिलीमीटरच्या आसपास येतो, यंत्रणा सोपी केलेली असते, आणि कपाटात जागाही कमी लागते. नुसती शोभेची गाडी हवी असेल तर तेच अधिक सोयीचे आहे. 1:12 चे किट फूटभराहून थोडे अधिक लांब होते, काचेची पेटी वेगळी करून घ्यावी लागते, आणि पुढचा भाग जोडताना घाई करणाऱ्याला ते साथ देत नाही.

जुन्या काळी निघालेला न उघडलेला खोका कुणी देऊ केला, तर दोन गोष्टी तपासल्याशिवाय तो घेऊ नये. डेकलचा कागद उजेडात धरून पाहावा. तो पिवळा पडला असेल किंवा त्यावर केसासारख्या भेगा दिसत असतील, तर पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होतील. दुसरे म्हणजे टायर. मऊ टायरमधले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे प्लास्टिकला टेकून राहिले की ते प्लास्टिक मऊ करून त्यात खळगे पाडते, आणि सहा टायरांच्या या खोक्यात ते घडायला जागा अधिक असते. नवीन किट घेतले तरी पहिल्याच दिवशी टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत, आणि शेवटी बसवताना रिमच्या बाहेरच्या कडेवर क्लिअर कोटचा एक थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा.