वी हेवी की बार्लीवाइन? आधी ताटात काय आहे ते बघा

दोन्ही स्ट्राँग बिअर, दोन्ही माल्टी (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव), रंगही बऱ्याचदा सारखाच, त्यामुळे पहिल्यांदा घेणारा गोंधळतोच. पण समोर जेवण आलं की दोघी एकदम वेगळ्या वागतात. माझं मत सरळ आहे, जेवताना वी हेवी आणि जेवण आटोपल्यावर बार्लीवाइन.

वी हेवी, म्हणजेच स्कॉच एल, ही स्कॉटलंडची स्ट्राँग एल (बिअरचाच एक प्रकार), साधारण ६.५ ते १० टक्के अल्कोहोलची. कडवटपणा मोजतात तो आयबीयू हिच्यात १७ ते ३५, म्हणजे एवढ्या माल्टपुढे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) जवळजवळ गप्पच. बरेच ब्रूअर वर्ट (माल्टमधून निघालेला गोड रस) खूप वेळ उकळतात, काहीजण तर त्यातला थोडा वेगळा काढून पाकासारखा आटवतात, त्यातून ती टॉफीची, ब्रेडच्या खरपूस कडेसारखी चव येते. ट्रॅक्वेअर हाउस एल हे यातलं नावाजलेलं उदाहरण, ७.२ टक्के, तिथली जुनी ब्रुअरी १९६५ मध्ये परत सुरू झाली आणि बिअर अजून ओकच्या पिंपात आंबवतात. आणि स्कॉच एल म्हटलं की पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर हवाच हा गैरसमज आहे, काही ब्रूअर तसा माल्ट घालतात पण तो या प्रकाराचा मूळ स्वभाव नाही.

बार्लीवाइनमध्ये नावापुरती वाइन, द्राक्षाचा काही संबंध नाही. ८ ते १२ टक्के. इथे इंग्लिश की अमेरिकन हे बघितल्याशिवाय घेऊच नका, कारण इंग्लिशचा आयबीयू ३५ ते ७० आणि अमेरिकनचा थेट ५० ते १००. सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीची बार्लीवाइन बिगफूट ९.६ टक्के आहे आणि ताजी असताना तिचा हॉप्सचा कडूपणा जिभेवर चांगलाच रेंगाळतो. तीच बाटली काही वर्षं अंधारात, थंड जागी ठेवली तर हॉप्स मावळतात आणि मनुका, खजूर, शेरीसारख्या चवी वर येतात. मला स्वतःला मुरलेलीच जास्त आवडते.

चव घेताना एकच चूक टाळा, फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नका. १० ते १३ अंशांवर येऊ द्या, अगदी गार असली की वास बंद आणि नुसता गोडवा नाहीतर नुसता कडूपणा हाती लागतो. तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, दीडशे मिली पुरे, आधी वास घ्या, छोटा घोट तोंडभर फिरवा, गिळल्यावर थोडं थांबा, कारण खरी चव मागून येते.

आता जेवण. भाजलेलं मटण, रोस्ट केलेले कांदे-गाजरं, मशरूम, असं काहीही ज्याला तव्यावर किंवा ओव्हनमध्ये खरपूस रंग चढलाय ते वी हेवीसोबत सुंदर लागतं, कारण माल्टचा रंग आणि मटणावरची ती तपकिरी साल दोन्ही एकाच प्रकारच्या भाजण्यातून आलेले असतात. स्मोक्ड मासाही छान. बार्लीवाइन इथे जड होते, दोन घोटांत जेवणाची चवच झाकून टाकते. पण तीच स्टिल्टनसारख्या ब्लू चीजसमोर ठेवा, चीजचा खारटपणा, तिचा गोडवा आणि मागचा कडूपणा एकमेकांना असे धरतात की दुसरं काही लागतच नाही. अक्रोड, डार्क चॉकलेटही चालेल, फक्त गोड पदार्थ बिअरपेक्षा जास्त गोड नको, नाहीतर बिअर पातळ आणि कडू लागायला लागते.

तिखट जेवण असेल तर दोन्ही राहू द्या, एवढ्या अल्कोहोलने तिखट अजून भडकतं, अमेरिकन बार्लीवाइन तर नकोच. तळलेलं, तेलकट असेल तरी दोन्ही कमी पडतात कारण फेस बेताचा असतो, तिथे बेल्जियन क्वाड (बेल्जियमची गडद, स्ट्राँग बिअर) घ्या, गॅस भरपूर आणि शेवट कोरडा, त्यामुळे तोंड साफ होतं. पण जपून, रोशफोर १० ही क्वाड ११.३ टक्के आहे.

एकाच संध्याकाळी दोन्ही उघडणार असाल तर वी हेवी आधी. उलटं केलंत तर बार्लीवाइनच्या कडूपणानंतर वी हेवी नुसती साखरेच्या पाण्यासारखी लागेल.