गोव्याचा ‘ड्यूटी फ्री’ माल घेतला आणि तोंड दाबून बसलो

तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली ज्या निपाणीनं महामार्ग अडवून धरला, त्याच निपाणीतला मी, आणि फसलो तो तंबाखूतच. सांगायला लाज वाटते. पण मला फसवणारा पोरगा आता संकेश्वर-चिकोडीकडं फिरतोय असं कानावर आलंय, म्हणून लिहितो.

माझं किराणा आणि पान-बिडीचं छोटं होलसेल दुकान. गणपतीच्या तोंडावर पाठीला सॅक अडकवलेला एक पोरगा मोटारसायकलवरून आला. "शेट, गोव्यासनं माल आलाय. ड्यूटी फ्री. नुस्तं बघा तरी." वीस-वीसची सोनेरी पाकिटं, वर एका नावाजलेल्या विदेशी सिगारेटचं नाव. साठला पाकीट. मी चाळीस कार्टन घेतली, म्हणजे चारशे पाकिटं, चोवीस हजार रोख.

पाकिटावर आजाराचं चित्र नव्हतं. आपल्याकडं ते पुढून-मागून ८५ टक्के जागेवर लागतं, परदेशातून आलेल्या पाकिटालाही. मी तसं म्हटल्यावर पोरग्यानं सॅकमधून स्टिकरची गुंडाळी काढली. "चित्र देतो की. तुमीच चिकटवा." तिथंच त्याला वाटेला लावायला हवा होता. पण मी काय विचारलं? "बिल आहे काय?" त्यानं छापील बिल दिलं, पणजीचा पत्ता. मी घडी घालून गल्ल्यात टाकलं.

खरं सांगतो, माल सरळ वाटेनं आलेला नाही हे मला कळत होतं. चोरटा असला तरी सिगारेट अस्सल असणार, एवढीच माझी अक्कल. परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला शंभर सिगारेटी आणायची सूट असते, म्हणजे पाच पाकिटं. माझ्या चारशे पाकिटांना ऐंशी प्रवासी लागले असते. हा हिशेब मी नंतर मांडला.

आठवड्यातच पाकिटं परत यायला लागली. कुणाला घसा धरतोय, कुणाची अर्ध्यात विझतेय. त्यात एक दिवस पुडी न्यायला आक्का आल्या. उभी हयात वखारीत तंबाखू चाळण्यात गेलेली बाई. मी सहज एक सिगारेट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी मधोमध मोडली, तळहातावर पसरली, अंगठ्यानं चोळली, नाकाशी नेली आणि मग झाडूनच टाकली. "ह्यो तंबाखू न्हवं बाबा. देठ कुटून घातल्यात. वखार झाडली की असलं निघायचं, आमी उकिरड्यावर टाकत होतो." हातावर खरोखर पिवळट काड्यांचा भुगा उरला होता. नाव विदेशी, आत झाडलोट.

मग बिल काढलं. पत्ता गोव्याचा, पण जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा. गोव्याचा ३० नं सुरू होतो, आपला कर्नाटकाचा २९ नं. २७ म्हणजे महाराष्ट्र. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर कुठल्या तरी कापडवाल्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम, आधी केलं असतं तर! रीतसर आयात झालेल्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असते. माझ्या पाकिटांवर यातलं काहीच नव्हतं. पोरग्याचा फोन तर बंदच.

तक्रार करावी म्हणून ओळखीच्या वकिलांकडं गेलो. ते हसले. "काय सांगणार? चोरटा माल म्हणून घेतला, तो नकली निघाला?" चोरटा आहे हे माहीत असून आयात माल घेणाऱ्यालाही १९६२ च्या कस्टम्स कायद्यानं दंड बसतो म्हणाले. असल्या धंदेवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. घेणारा ओरडणार नाही, यावरच त्यांचं सगळं चालतं.

मी उरलेली पाकिटं जाळायची ठरवली, पण जीव होईना. त्या लोभानं दुसरा फटका दिला. तंबाखू नियंत्रणाचं पथक तपासणीला आलं आणि कपाटातली दोनशेवर पाकिटं उचलून घेऊन गेलं. २००३ च्या कायद्यात इशाऱ्याशिवाय पाकीट विकणाऱ्या दुकानदाराला पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे. माझं दंडावर निभावलं. पंचनामा होताना बाहेर गिऱ्हाईकं उभी होती, ते जास्त लागलं.

परवा चिकोडीच्या एका दुकानदाराचा फोन. "अण्णा, गोव्याचा माल आलाय, साठला पाकीट. घेऊ काय?"

"स्टिकरची गुंडाळी देतोय काय विचार," मी म्हटलं.

पलीकडून बराच वेळ आवाजच नाही.