मान धरली : शेक, गोळी, पट्टा की नाक्यावर जाऊन मोडून घ्यायची?

एप्रिल महिना, देवगडच्या बाजूला आंबा उतरवायची ऐन घाई, आणि सकाळी उठलो तर डोकं डावीकडे कललेलं. उजवीकडे वळवायला गेलो की कानामागून खांद्याच्या फऱ्यापर्यंत सुरी फिरल्यासारखी कळ. शेजारच्या काकी दारात उभ्या. "झिला, मानेक काय झाला? मिठाचो शेक घे आणि पडान रव." तेवढ्यात मुंबईहून भावाचा फोन : बर्फ लाव. पेट्या भरणारा गडी म्हणाला, नाक्यावरचा न्हावी एका झटक्यात मोकळी करून देतो. मेडिकलवाल्याने गोळ्यांबरोबर मानेचा पट्टाही पुढे केला.

चौघांचंही मन चांगलं होतं, पण सल्ले एकमेकांच्या उलटे होते. ज्याची मान आज धरली आहे त्याला आजच काहीतरी ठरवायचं असतं, म्हणून ते सगळे शेजारी-शेजारी ठेवून बघतो.

आधी एक गोष्ट. मानेत सात मणके आणि त्यांवर साधारण पाच किलोचं डोकं. मणक्यांमधला एखादा छोटा सांधा किंवा स्नायू दुखावला की आजूबाजूचे स्नायू त्याला जपायला घट्ट आवळतात आणि सोडायचं विसरतात. फऱ्याच्या वरच्या टोकापासून मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत जाणारा एक स्नायू यात हमखास सापडतो. दिवसभर वर बघत, हात ताणून झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी) धरला की ताण येतो तो त्याच्यावरच. बहुतेक माना काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक सुटतात. त्यामुळे सातव्या दिवशी ज्याचा उपाय चालू असतो, श्रेय त्यालाच मिळतं.

शेक की बर्फ

झटका बसला, गाडीवरून पडलात, मान मुरगळली आणि जागा गरम लागते आहे, तर पहिले दोन दिवस बर्फ. कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. झोपेत किंवा कामाने आखडलेल्या मानेला मात्र शेकच जास्त सुखावतो. तव्यावर तापवलेल्या जाड मिठाची पुरचुंडी, निगडीचा (निर्गुडीचा) पाला वाफवून, गरम पाण्याची पिशवी, काहीही चालतं. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीला चटका कळत नाही त्यांचा शेक दुसऱ्याने हाताला लावून बघावा. दोन्हींपैकी कशानेही मान "बरी" होत नाही, थोडी सैल पडते. त्या सैल वेळात काय करायचं, निवड खरी तिथे आहे.

पडून राहायचं की हलवायची

इथे काकी अर्ध्या चुकल्या आणि मीही. पहिला दिवस पूर्ण पडवीत पडून काढला, दुसऱ्या दिवशी मान आणखी लाकूड. दुखेल तिथवरच, पण हलवायची. शेक झाला की सावकाश डावीकडे, उजवीकडे, कान खांद्याकडे. पाच ते दहा वेळा, दर दोन तासांनी. कळ आली की थांबायचं, पलीकडे रेटायचं नाही. दोन्ही फरे मागे ओढून पाच आकडे मोजायचे, हेही बसल्या जागी होतं. माझी मान चौथ्या दिवशी सुटली ती यानेच, असं मला वाटतं. वर म्हटलं तसं, पुरावा नाही.

पट्ट्याचंही याच मापाने बघा. तो घातला की आधार वाटतो, पण स्नायूंचं काम पट्टा करू लागला की स्नायू ढिले पडतात. करूळ घाटातून कोल्हापूरला जायचं आहे, गाडीत धक्के खायचे आहेत, तर तेवढ्यापुरता घाला. आठवडाभर गळ्यात बाळगू नका.

गोळी की मलम

मेडिकलमध्ये "मान धरली" म्हटलं की हातात बहुधा मिश्र गोळी पडते : एक सूज उतरवणारं औषध, एक पॅरासिटामॉल, एक स्नायू सैल करणारं. तिन्हींचे हिशेब वेगळे आहेत, म्हणून पाकिटामागची नावं वाचायला हवीत.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक ही सूज-दुखीवर चांगली चालतात, पण अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, हृदयरोग किंवा रक्तदाब असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, मात्र मानेच्या दुखीत जरा कमजोर. शिवाय मिश्र गोळीत ते आधीच असतं, वरून वेगळी गोळी घेतली की मोजणी चुकते आणि भार यकृतावर येतो. स्नायू सैल करणाऱ्यांत क्लोरझॉक्साझोन आणि टिझॅनिडिनने गुंगी येते. ती घेऊन माडावर चढायचं नाही, होडीवर किंवा मोटरसायकलवरही नाही. टिझॅनिडिनबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अजिबात घ्यायचं नाही, रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. जुलाबाला म्हणून घरात उरलेली सिप्रो कितीजणांकडे असते ते आठवा. थायोकोल्चिकोसाइड हे स्नायू सैल करणारं आणखी एक औषध आपल्याकडे सर्रास लिहितात. युरोपच्या औषध नियामकाने 2013 साली त्याच्या गोळ्या सात दिवसांच्या वर देऊ नयेत आणि गरोदरपणात मुळीच देऊ नयेत असं ठरवलं.

मलम किंवा जेल कमी जोराचं, पण रक्तात फार जात नाही. साठीच्या पुढच्या माणसाने सुरुवात तिथून करावी. ते चोळून लगेच वरून शेक घेऊ नये, कातडी भाजते.

मालिश, मान मोडणं की फिजिओ

कोमट खोबरेल लावून घरच्या माणसाने हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं आणि बिघडत काही नाही. आयुर्वेदात या दुखण्याला मन्यास्तंभ असं स्वतंत्र नाव आहे आणि तिथेही शेक सांगितला आहे.

मान मोडणं वेगळं. कटकन आवाज होतो, क्षणभर हलकं वाटतं आणि लोक त्यावरच भाळतात. पण मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात. अचानक पिळ्याने त्यांचं अस्तर फाटून लकवा मारू शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर आयुष्यभराचं, आणि खुर्चीत बसवणारा कोणी तुमचं वय, हाडांचा ठिसूळपणा, रक्तदाब विचारत नाही. या एका पर्यायाला माझं साफ नाही आहे.

फिजिओथेरपिस्टकडे पहिल्याच दिवशी धावायची गरज नाही. आठवडा झाला तरी वळत नाही, किंवा दर मोसमात मान धरते, तर पैसे तिथे घालावेत, पट्ट्यात आणि इंजेक्शनात नाही. तो मशीन लावून पाठवत असेल तर व्यायाम मागून घ्या. पुन्हा-पुन्हा धरणारी मान थांबवण्यात भरवसा स्नायू बळकट करण्याचाच आहे.

एक्स-रेचं थोडक्यात. चाळिशीनंतर दुखत नसलेल्या मानेतही "गॅप" आणि झीज दिसते. पहिल्या आठवड्यात काढलेला फोटो बहुधा घाबरवण्यापुरता उपयोगी.

जिथे निवड करत बसायचं नाही

माडावरून किंवा आंब्याच्या कलमावरून पडलेल्याची मान हलवू नका, उचलून रिक्षात घालू नका. 108 ला फोन. ताप, डोकेदुखी, उलटी आणि हनुवटी छातीला टेकत नाही : हे मेंदूज्वराचं लक्षण असू शकतं, लगेच रुग्णालय. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात उतरलेल्याला ताप येऊन अंग दुखत असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) शंका डॉक्टरसमोर स्वतःहून बोलावी, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुखीची गोळी नको. हाताची पकड सुटणं, शर्टाची बटणं न लागणं, चालताना झोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही दिसलं तर मोठं रुग्णालय ओरोसचं असो, कोल्हापूरचं असो की गोव्यातल्या बांबोळीचं, त्याच दिवशी गाठा. घाम आणि छातीत दडपण घेऊन मान-जबडा दुखत असेल तर ती मान नसून हृदय असू शकतं. जखमेनंतर जबडा आवळला तर धनुर्वात.

आणखी एक, फारसं कोणाला ठाऊक नसलेलं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने, विशेषतः लहान आणि तरुण माणसांत, मान एकदम पिळल्यासारखी एका बाजूला जाते, डोळे वर फिरतात. घरात भूतबाधा समजतात. गोळीचं नाव सांगितलं तर एका इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतं. आणि घसा दुखून गेल्यावर लहान मुलाची मान आठवडाभर वाकडीच राहिली तर त्याला मात्र फोटो हवाच.

पुढच्या मोसमासाठी

उशी : कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल एवढी, उताण्याला त्याहून पातळ, पालथं झोपणं सोडायचं. आमची सावरीच्या कापसाची जुनी उशी मधोमध बसली होती. कापूस पिंजून घेतला, दुकानातली महागडी वळणदार उशी आणली नाही. दोन्हींत फरक उंचीचा, किमतीचा नाही.

काकी डोक्यावर चुंबळ ठेवून वर्षानुवर्षं मासळीची पाटी वाहतात. अशा वजनाने मणके झिजतात, हे त्यांना सांगून झालं. आता अर्धी पाटी डोक्यावर, अर्धी हातात, तीही फक्त रिक्षा येते तिथपर्यंत.

बागेत मात्र मी नियम केला. झेल्याची काठी वीस मिनिटं एकाकडे, मग दुसऱ्याकडे, आणि रिकामा झालेला माणूस खाली बसून आंबे निवडतो.