स्विच की पीएस५?

उत्तरायणाला बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी आत्या, मावश्या, भाचरं जमतात. संध्याकाळी पतंग उतरले की टीव्हीपुढे झुंबड. अशा गोतावळ्यासाठी टीव्हीवर गेम खेळायच्या कन्सोलांपैकी माझं मत निन्टेन्डो स्विचला (२०१७). त्याचे दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे बाजूंना जोडलेले छोटे कंट्रोलर, सुटे करून आडवे धरले की दोघांची सोय झाली. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये स्मार्ट स्टिअरिंग चालू ठेवलं की गाडी रस्ता सोडत नाही, त्यामुळे साठीची आत्याही शर्यत पुरी करते, वर भाच्याच्या वाटेत केळ्याची साल टाकते ती वेगळीच!

पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ (२०२०), ताकदीत कितीतरी पुढे, चित्रही देखणं. पण खोक्यात कंट्रोलर सहसा एकच, आणि त्यावरची बटणं बघूनच नवखा माणूस “तूच खेळ बाबा” म्हणत मागे सरकतो. सोबत मिळणारा ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ नवख्यालाही जमतो, पण तो एकट्याचा खेळ. रात्र रात्र जागून लांबलचक कथा संपवणारा कॉलेजकुमार घरात असेल, तर मात्र पीएस५च घ्या.

पैशांचं म्हणाल तर स्विच स्वस्त, पण निन्टेन्डो स्वतःच्या गेमांच्या किमती वर्षानुवर्षं फारशा उतरवत नाही. प्लेस्टेशनच्या जुन्या गेमांवर सेलमध्ये घसघशीत सूट मिळते.