अ‍ॅक्सेसची रिबन गायब: शिफ्ट दाबून उघडायचं की रीसेट मारायचं?

२००७ पासून मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये टूलबारची जागा रिबनने, म्हणजे वरच्या टॅब आणि बटणांच्या पट्टीने घेतली. ती दिसेनाशी झाली की आधी कंट्रोल आणि एफ१ दाबा, बऱ्याचदा ती नुसती मिटलेली असते. तरीही नाही आली, तर दुसरी एखादी डेटाबेस फाइल उघडून बघा.

तिथे रिबन धडधाकट असेल तर दोष पहिल्या फाइलमध्ये आहे. मग शिफ्ट दाबून धरा आणि तीच फाइल उघडा. त्यामुळे फाइल उघडताना आपोआप लागू होणाऱ्या सुरुवातीच्या सेटिंग्ज टळतात. ऑप्शन्समधल्या ‘करंट डेटाबेस’मध्ये ‘अलाउ फुल मेनूज’ची खूण बहुतेक निघालेली सापडेल, ती करा, फाइल बंद करून पुन्हा उघडा. फाइल बनवणाऱ्याने शिफ्टची सोयच बंद केली असेल, तर मात्र त्यालाच गाठावं लागतं.

सगळ्याच फाइलींत टॅब विस्कटले असतील तरच ऑप्शन्समधल्या ‘कस्टमाइझ रिबन’मधलं रीसेट मारा. ते तुमचे स्वतः बनवलेले टॅब आणि क्विक अ‍ॅक्सेस टूलबारमध्ये (नेहमीच्या बटणांची छोटी पट्टी) केलेले बदलही पुसून टाकतं, म्हणून आधी तिथूनच एक्सपोर्ट करून ठेवा. मी कायम शिफ्टपासूनच सुरुवात करते, कारण त्यात काहीच पुसलं जात नाही.