डॉग चक: आठ महिने वापरल्यावर

लेथवर जॉब (कातायचा तुकडा) पकडायला, चारही जॉ (जबडे) वेगवेगळे सरकणारा 250 मिमीचा डॉग चक घेतला, तेव्हा आमचे जुने टर्नर काका म्हणाले, "एक जॉब बांधायला अर्धा दिवस घालवणार तुम्ही." पहिला आठवडा त्यांचंच खरं ठरलं. आता साधा जॉब पाच-सात मिनिटांत ट्रू होतो, म्हणजे बरोबर मध्यावर फिरतो.

आमच्याकडे कोल्हापुरात काम बहुतेक बिडाच्या कास्टिंगचं. रसवंतीच्या चरकाचे बेअरिंग ब्रॅकेट तिन्ही जॉ एकदम सरकणाऱ्या ट्रू चकमध्ये धड बसतच नाहीत, कारण एका बाजूला बाहेर आलेला कान असतो.

चुकत होतो ते एकाच ठिकाणी. डायलवर (जॉबला टेकवायच्या काट्याच्या मापकावर) समोरासमोरच्या दोन जॉमध्ये 0.40 मिमी फरक दिसला की जॉब तेवढाच सरकवायचो आणि तो पलीकडे जायचा. सरकवायचा निम्मा, 0.20. डायल जास्त दाखवते तिथला जॉ आत घ्यायचा, पण आधी समोरचा थोडा सैल करून. एकाच वेळी एकच जोडी. जॉ फिरवायची दुसरी चावी घेतली आणि वेळ खरंच वाचला: एक पुढून, एक मागून, दोन्ही हात एकदम. (मशीन सुरू करण्याआधी दोन्ही चाव्या काढा. एक काढून दुसरी विसरणं सोपं आहे.)

कच्च्या कास्टिंगवर डायल लावू नका, खरबरीत सालीवर काटा नुसता नाचतो. तिथे सरफेस गेजचं (दांड्यावरच्या सुईचं) टोक किंवा खडूच बरा. आधी चकच्या तोंडावरच्या गोल रेघांवरून चारही जॉ अंदाजे सारखे लावून घ्यायचे.

खरा प्रश्न सेंटर कशाचं धरायचं हा. दोन ब्रॅकेट मी बाहेरचा बॉस (भोकाभोवतीचा गोल उंचवटा) ट्रू करून बोअर केले, म्हणजे भोक आतून कातलं. ओतताना कोअर (भोकासाठी साच्यात ठेवलेला गाभा) सरकलेला होता, त्यामुळे भोकात एका बाजूला काळी साल तशीच राहिली. दोन्ही भंगारात. तेव्हापासून भोक आणि बॉस दोन्ही फिरवून बघतो, आणि मटेरियल सगळीकडे पुरेल असा मधला मार्ग काढतो. कुठल्याच बाजूला पूर्ण ट्रू नसलेला जॉब बांधायला सुरुवातीला मन धजत नाही.

तक्रारी आहेत. चकबरोबर आलेल्या चावीचा चौकोन तीन महिन्यांत गोल झाला. बिडाची पूड स्क्रूत जाऊन एक जॉ जड फिरायला लागला. सगळे जॉ बाहेर काढून रॉकेलने धुतले तेव्हा मोकळा झाला. वजन भरपूर, चढवताना लेथच्या बेडवर फळी ठेवून दुसरा माणूस घ्यावाच लागतो. आणि कानवाला ब्रॅकेट वेगात थरथरतो, म्हणून स्पीड कमीच. फेसप्लेटवर (चकऐवजी लावायच्या सपाट तबकडीवर) बांधला तर कानाच्या समोर तोलासाठी वजन तरी लावता येतं.

मशिन केलेल्या भागावर जॉखाली तांब्याची पट्टी घालतो, डाग पडत नाहीत.

ट्रू चक विकलेला नाही. गोल बारच्या बुशांची ऑर्डर आली की अजून तोच चढतो, आणि काका खूश असतात.