साध्या निळ्या टी-शर्टाचा डोरेमॉन: छापावा, रंगवावा की शिवावा?

गॅदरिंगसाठी पोशाख भाड्याने आणण्यापेक्षा साधा निळा टी-शर्ट घेऊन त्याचा डोरेमॉन, म्हणजे पोटाच्या खिशातून वस्तू काढणारं कार्टूनमधलं निळं मांजर, करणं बरं. कार्यक्रम झाल्यावर शर्ट घरात वापरता येतो. मात्र कापड आणि पद्धत जुळली नाही, तर दोन धुण्यांत डोरेमॉनच्या पोटाची सालं निघतात.

आधी शर्ट. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, साध्या टी-शर्टांना तोटा नाही. शंभर टक्के कॉटन, १८० जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), गोल गळा, आणि मापापेक्षा एक नंबर मोठा. पातळ शर्ट पोटाशी लोंबतो. काम सुरू करण्याआधी तो धुऊन वाळवायचाच, कारण होजिअरी, म्हणजे टी-शर्टाचं ताणणारं विणलेलं कापड, पहिल्या धुण्यात आटते. वरचं काम आटत नाही, मग गोलाभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

छपाईवाल्याकडे जाणार असाल तर पहिला प्रश्न, छपाई कुठली? मगवर फोटो छापणारे बहुतेक जण सब्लिमेशन करतात, म्हणजे उष्णतेने शाई आत मुरवतात. ती शाई पॉलिस्टरलाच धरते आणि तीही पांढऱ्या किंवा फिक्या. निळ्या कॉटनवर तिचा उपयोग शून्य, कारण त्यात पांढरी शाई नसतेच. डीटीएफ, म्हणजे चित्र आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवणं, मात्र गडद कॉटनवरही छान उठतं. साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर १०-१५ सेकंद दाबतात. फिल्म काढल्यावर पुन्हा एकदा दाबून घ्यायला सांगा, नाहीतर कडा लवकर सुटतात. लहान चित्राला डीटीएफसारखं दुसरं नाही. पण डोरेमॉनचं पोट म्हणजे वीतभर रुंद पांढरा गोल. एवढा सलग थर म्हणजे पोटावर प्लॅस्टिक बांधल्यासारखंच. डिसेंबरात चालून जाईल, भुसावळच्या एप्रिलमध्ये पोर अर्ध्या तासात शर्ट काढून फेकेल.

फॅब्रिक रंगाने घरीच रंगवायचं तर शर्टाच्या आत पुठ्ठा घालावा, नाहीतर रंग पाठीवर उतरतो. निळ्यावर पांढरा एका हातात झाकत नाही. दोन-तीन पातळ हात लागतात आणि १५ मिलीच्या दोन बाटल्या सहज संपतात. घाईत एकच जाड हात दिला, की कापड ताणलं जाताच भेगा पडतात. पाणी घालून पातळ केलेला रंग कडेने फुटतो. २४ तास वाळवून उलट बाजूने इस्त्री फिरवायची आणि तीन दिवस पाण्यात घालायचं नाही. मिशा, घंटेवरची रेघ अशा बारीक कामाला रंग उत्तम. पोटाला नको.

पोट शिवूनच घ्यावं. मुख्य कारण खिसा. डोरेमॉनचं सगळं नाट्य त्या खिशात आहे, आणि छापलेल्या खिशातून काही काढता येत नाही. ३२ नंबरच्या शर्टाला २४ सेंटिमीटर व्यासाचा गोल पुरतो. तेवढ्या मापाचं ताट उपडं ठेवून आखा. कापड जुन्या पांढऱ्या टी-शर्टाचं घ्या, म्हणजे खालच्या कापडाबरोबर ताणलं जाईल. पॉपलीनसारखं न ताणणारं कापड घातलं तर गोल ताठ राहतो आणि भोवतालचा शर्ट फुगतो. खिसा १६ सेंटिमीटरचा अर्धगोल, दुहेरी कापडाचा, सरळ कड वर आणि उघडी. आधी खिसा गोलावर, मग गोल शर्टावर. उलट केलंत तर खिसा शिवताना शर्टाची पाठ सुईत येते. गळ्याखाली लाल होजिअरीची ३ सेंटिमीटरची पट्टी आणि मधोमध पिवळ्या कापडाची ५ सेंटिमीटरची घंटा. फेल्ट टाळा, धुतल्यावर त्याला गोळे येतात.

कडेची झिगझॅग शिलाई कुठलाही पिको-फॉलवाला करून देतो. मशीनला होजिअरीची बोथट सुई लावायला मात्र आठवणीने सांगा. साडीची टोकदार सुई धागे तोडते, आणि पहिल्या धुण्यानंतर गोलाभोवती भोकांची रांग दिसू लागते. शिवताना कापड ओढू दिलं तरी कड लाटेसारखी होते. खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून शिवलं आणि नंतर फाडून काढला, की हा त्रास वाचतो.

धुताना शर्ट उलटा करून, गार पाण्यात. दगडावर धोपटणं नाही. गॅदरिंगनंतर शेवभाजीचं जेवण असेल तर आधी शर्ट बदला. काळ्या मसाल्याची तर्री पांढऱ्या पोटावर सांडली, तर ब्लीचने डाग जाण्याआधी निळा उडतो.